मंजूर प्रकल्पावर नवा कायदा आला, तर फाईल अशी चाळा

संशोधन प्रकल्प कक्षात मी 21 वर्षं फायली सांभाळल्या. राज्याचा नवा अधिनियम आला की शास्त्रज्ञ मंडळी मंजुरीचं पत्र हातात धरून यायची. "आमची मंजुरी राहिली की गेली?" या प्रश्नाचं उत्तर त्या पत्रात सापडत नाही. ते राजपत्रात असतं, आणि बहुतेक वेळा शेवटच्या पानावर.

म्हणून अधिनियम मागून वाचायला घ्या. 'निरसन व व्यावृत्ती', म्हणजे जुना कायदा रद्द करणं आणि त्यातलं काही राखून ठेवणं, हे कलम शोधा. जुन्यातलं काय राखून ठेवलंय, ते तिथे कळतं. पूर्वी दिलेली परवानगी नव्या अधिनियमाखाली दिल्याचं मानलं जाईल, अशा अर्थाचं वाक्य दिसलं तर निम्मं काम झालं. पण पुढे 'विसंगत नसेल तेथवर' हे शब्द आहेत का पाहा. असतील, तर नव्या अटी तुम्हालाही लागू होऊ शकतात.

व्यावृत्ती नसली तरी लगेच धीर सोडू नका. महाराष्ट्र सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, 1904 चं कलम 7 मदतीला येतं. केंद्रीय कायद्यांसाठी 1897 च्या अधिनियमाचं कलम 6 आहे. निरसन झालं तरी आधी मिळालेले हक्क आणि केलेली कामं शाबूत राहतात. नव्या कायद्यात वेगळा उद्देश दिसला, तर मात्र नाही.

खरी मेख पुढे आहे. आपल्या परवानग्या बऱ्याचदा नियमावर किंवा शासन निर्णयावर उभ्या असतात. कोल्हापूर केनशुगर वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2000 साली सांगितलं की नियम वगळला गेला, तर कलम 6 चं संरक्षण मिळत नाही. शासन निर्णय तर दुसऱ्या शासन निर्णयाने 'अधिक्रमित' होतो, म्हणजे नवा जुन्याची जागा घेतो, विधानमंडळापर्यंत जावंही लागत नाही. तेव्हा मंजुरीच्या पत्रातला 'संदर्भ' आधी वाचा आणि परवानगी नेमकी कशाखाली दिली आहे, ते पेन्सिलने समासात लिहून ठेवा. मी दर फाईलवर लिहायचो, लोक हसायचे.

आमच्या एका कोरडवाहू चाचणीला तीन हंगाम लागणार होते, पण परवानगी एकेका हंगामाची मागितली होती. मधे नियम बदलले. दुसऱ्या हंगामाचं नूतनीकरण 'नवीन अर्ज' ठरलं, आणि पीक शेतात उभं! चूक आमचीच. अर्जात पहिल्यापासून पूर्ण मुदत, हंगाम, गट क्रमांक आणि क्षेत्र लिहून तेवढ्याचीच एकत्र मंजुरी मागा.

मंजुरी कुठल्या सरकारची, हेही तपासा. शेती आणि कृषी संशोधन राज्यसूचीत येतं, नोंद 14. जनुकीय बदल केलेल्या पिकाला केंद्राच्या जीईएसीने (जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीने) होकार दिला, तरी शेतातल्या चाचणीला राज्याचं ना हरकत लागतं. दोन्ही पत्रं तारखांसह एकाच फाईलला लावा.

अध्यादेश आला असेल, तर तो आजपासूनच पाळायचा. पण त्याच्या जागी कायदा झाला नाही, तर विधानमंडळ पुन्हा भरल्यापासून 6 आठवड्यांनी तो संपतो. एवढ्यासाठी प्रकल्पाचा आराखडा घाईने बदलू नका.

विधेयक समितीकडे असेल, तर लेखी सूचना पाठवा. नुसती तक्रार नको, तयार मसुदा द्या. माझा असा असायचा:

"या अधिनियमाच्या प्रारंभापूर्वी सक्षम प्राधिकरणाने मंजूर केलेला संशोधन प्रकल्प, मंजुरीत नमूद केलेली मुदत संपेपर्यंत, मंजुरीच्या वेळच्या अटींनुसार चालू ठेवता येईल, परंतु, मानवी आरोग्यास किंवा पर्यावरणास गंभीर धोका असल्यास, सुनावणीची संधी देऊन व कारणे लेखी नमूद करून, प्राधिकरणास तो स्थगित करता येईल."

ते परंतुक, म्हणजे 'परंतु'पासूनचा भाग, गाळू नका. सुरक्षेचा दरवाजा कायमचा बंद करून घ्यायला कुठलंही खातं तयार होत नाही, आणि व्हायलाही नको. तुम्ही भांडायचं ते 'सुनावणी' आणि 'लेखी' या दोन शब्दांसाठी.