पापक्षमेची खात्री कशी धरावी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर व द्राक्षारस घेण्याच्या, रविवारी पुढे न जाता बाकावरच बसून राहणारे एखाद-दोघे तरी असतात. त्यांनी पाप कबूल केलेले असते; तरी ‘मला क्षमा झाली असेल असे वाटत नाही’ हे त्यांचे म्हणणे सुटत नाही. वास्तविक बायबलात 1 करिंथ 11:28 मध्ये प्रेषित पौल माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी असे सांगतो, परीक्षा करून उपाशी राहावे असे सांगत नाही. क्षमेची खात्री आपल्या वाटण्यावर नव्हे, तर देवाच्या वचनावर धरायची असते, आणि ती धरण्याची रीत शिकता येते.

आरंभ पापाला नाव देण्यापासून करावा. ‘प्रभू, मी पापी आहे’ ही प्रार्थना खरी असली तरी तिच्या आडोशाला पुष्कळ काही लपते. एखाद्याने दरवर्षी नांगराचे एकेक तास पुढे सरकवत चुलतभावाचा बांध कोरला असेल, तर त्याने देवापुढे त्या बांधाचेच नाव घ्यावे, आणि ‘त्यांनीही आमचे पाणी अडवले होते’ ही पुरवणी जोडू नये. स्तोत्र 32 मध्ये दावीद सांगतो की तो गप्प राहिला तोवर त्याची हाडे झिजत गेली, आणि अपराध उघड केला तेव्हा क्षमा झाली. कॅथलिक बंधुभगिनींना यासाठी धर्मगुरूंपुढे पापनिवेदनाची वाट आहे. इतरांना याकोब 5:16 प्रमाणे विश्वासातल्या एखाद्या प्रौढ माणसाजवळ बोलता येते. मात्र तो माणूस पोटात गोष्ट ठेवणारा असावा, कारण प्रार्थनासभेत ‘विनंती’ म्हणून सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झालेली असते.

त्यानंतर 1 योहान 1:9 मोठ्याने वाचावे. आपण पापे पदरी घेतली तर देव क्षमा करतो, आणि तसे करताना तो न्यायीच ठरतो, कारण ख्रिस्ताने वधस्तंभावर तो दंड सोसलेला आहे. कलस्सै 2:14 प्रमाणे आपल्याविरुद्धचा ऋणलेख तेथे खोडला गेला. सोसायटीचे कर्ज फिटून उताऱ्यावरचा बोजा उतरल्यावरही सेक्रेटरी दिसताच वाट बदलणारा शेतकरी असतो. त्याने मनाला विचारण्यापेक्षा उतारा पाहावा हे बरे.

तरीही रात्री मन खाऊ लागले, तर ज्याची कबुली दिलेली नाही असे एखादे ठरावीक पाप समोर येते का, ते पाहावे. आले तर लगेच कबूल करावे. तेच जुने, कबूल केलेले पाप असेल, किंवा ‘तू मुळातच वाईट’ असा बिननावाचा आरोप असेल, तर पुन्हा कबुली देत बसू नये. ‘ख्रिस्तात असलेल्यांना आता दंडाज्ञा नाही’ हे रोम 8:1 म्हणावे आणि झोपावे. पवित्र आत्मा करण्याजोगी एक गोष्ट दाखवतो. प्रकटीकरण 12:10 मधला दोष देणारा सैतान मात्र रात्रंदिवस नुसता दोषच देत राहतो. आपल्या मुलुखात नवस फेडण्याची सवय अंगवळणी पडलेली असल्याने पुष्कळ जण क्षमेसाठीही उपास व दान कबूल करतात. उपासाला त्याचे मोल आहेच, परंतु क्षमेची किंमत म्हणून तो केला तर ख्रिस्ताचे काम अपुरे राहिले असे म्हटल्यासारखे होते.

बांधाचा प्रश्न मात्र प्रार्थनेने मिटत नाही. लूक 19 मध्ये जकातदार जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले, तेही येशूने त्याच्या घरी उतरायचे ठरवल्यानंतर. भरपाई क्षमेच्या मागून येते, पण येते. म्हणून चुलतभावाकडे स्वतः जावे, मोजणीचा खर्च आपण उचलावा आणि दगड मूळ जागी बसवावा. इकडचा उतारा कन्नडमध्ये असल्याने कोणताही कागद जाणकाराकडून वाचून घेतल्याखेरीज दोघांनीही सही करू नये. भाऊ हयात नसेल तर त्याच्या मुलांशी बोलावे. भरपाई घ्यायला जवळचा कोणी उरला नाही तर ती परमेश्वराला द्यावी, असा नियम गणना 5:8 मध्ये आहे. समोरच्याने दारातूनच परत पाठवले, तर त्याच्या नकाराने देवाची क्षमा रद्द होत नाही, मात्र त्याची जमीन आपण तरीही सोडलीच पाहिजे.

हे सर्व करूनही आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, जगणे नकोसे वाटते अशी अवस्था असेल, तर तो आजार असू शकतो. पाळकांना सांगावेच, पण त्याबरोबर मनोविकारतज्ज्ञांना विनाविलंब दाखवावे आणि गोळ्या दिल्यास त्या नियमाने घ्याव्यात.