'ठीक आहे' असं वहीत लिहू नका

आमच्या ज्येष्ठांच्या गटाची वही माझ्याकडे असते. सुरुवातीला मी सगळ्यांना तब्येत विचारायचे आणि नावापुढे 'ठीक' लिहायचे. पानंच्या पानं 'ठीक'. त्यातल्याच एक बाई बाथरूममध्ये पडल्या, तेव्हापासून विचारणं कमी केलं, पाहणं वाढवलं.

आधी चालणं पाहा. हातांची खुर्ची भिंतीला टेकवा, तिथून 3 मीटरवर जमिनीवर चिकटपट्टी लावा. 'चला' म्हटलं की उठायचं, पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. पायात रोजच्याच चपला, काठी लागत असेल तर काठीसकट. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरा. पहिल्या वेळी मी 'भरभर' म्हणून गेले आणि एक काका शर्यत लागल्यासारखे सुटले. वळताना झोक गेला, दंड धरला म्हणून वाचले. तेव्हा नेहमीच्या चालीनंच चालायला सांगा, आणि एकानं शेजारून चाला. मी तर घड्याळापेक्षा वळणाकडे जास्त बघते. पाच-सहा बारीक पावलं टाकून वळणारा माणूस वेळेत आला तरी त्याच्या नावापुढे खूण करते.

उठताना गरगरतं म्हणणाऱ्यांना 5 मिनिटं आडवं करून रक्तदाब मोजा. मग उभं करून 1 आणि 3 मिनिटांनी. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला, तर आकडे आणि सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

घरी जाल तेव्हा मात्र तपासणीचा आव आणू नका. एवढंच म्हणा, "रात्री संडासला कसे जाता, जरा दाखवता?" त्या पडलेल्या बाईंनी मला दाखवलं. दिव्याचं बटण दारापाशी, पलंग पलीकडच्या भिंतीला. म्हणजे अर्धी खोली अंधारात. कमोडवरून उठायला त्या टॉवेलची दांडी धरत. दांडीचा एक स्क्रू केव्हाच बाहेर आला होता. आधाराचा दांडा हवा तो भिंतीत पक्का बसवलेला, आणि दिवा पलंगावरून हात पोचेल असा.

कुणी लागोपाठ दोनदा आलं नाही, तर फोन करा. "का आला नाहीत?" नको, "येऊ का भेटायला?" विचारा. एक आजी यायच्या थांबल्या होत्या. पायांचं काही नव्हतं, त्यांना मागच्या रांगेत ऐकूच येत नव्हतं.