सुपरहिरो काढायचाय? सिक्स पॅक नंतर

नवीन पोरं हमखास काय करतात तर आधी छाती, मग सिक्स पॅक, मग दंड, आणि पायाला जागाच उरत नाही म्हणून हिरो गुडघ्यातच कापलेला. मसल शेवटी काढायचे बाबांनो, आधी माप आणि भार.

कागदावर वरून खाली ८ सारखे भाग पाडा, एक भाग म्हणजे एक डोकं. साधा माणूस साडेसात डोक्यांचा धरतात, हिरो ८ ते ९. हनुवटी पहिल्या रेघेवर, बेंबी तिसरीच्या आसपास, जांघ चौथीवर म्हणजे बरोब्बर मध्यावर, गुडघे सहावीजवळ. खांदे रुंद, तीन डोकी शेजारी बसतील एवढे, कंबर बारीक. झालं, माप एवढंच.

आता डोक्यापासून टाचेपर्यंत एकच वाकदार रेघ ओढा, न थांबता. ती सरळ आली की हिरो रेशनच्या लायनीत उभा असल्यासारखा दिसतो. त्या रेघेवर बरगड्यांचं अंडं, कमरेचा खोका आणि हातपायांची नळकांडी बसवायची.

भार शिकायला सोलापूरसारखं गाव नाही, हे मी पैज लावून सांगतो. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या वेळी नंदीध्वजांची मिरवणूक बघायला जाताच ना, तर फक्त फोटो काढू नका, बाराबंदीतला, म्हणजे बंदांच्या पांढऱ्या सदऱ्यातला माणूस नंदीध्वजाची ती एवढी उंच काठी पेलतो तेव्हा भार कुठल्या पायावर आहे ते बघा. साधं उभं राहताना ज्या पायावर भार त्या बाजूचा कुल्हा वर जातो आणि खांदा खाली येतो, पण काठी पेलताना अख्खं अंग उलट्या बाजूला झुकतं, तेवढं पटापट काड्यांच्या माणसात उतरवा. एरवी तालमीत जा, वस्तादांना विचारून कोपऱ्यात बसा.

केपसाठी, म्हणजे हिरोच्या पाठीवर उडणाऱ्या कापडासाठी, घरातली चादर भावाच्या खांद्यावर टाका. सोलापुरी चादर जाड, घड्या मोठ्या आणि मोजक्या पडतात, म्हणून शिकायला बरी, ओढणी घेतली तर सुरकुत्यांतच हरवाल. सगळ्या घड्या जिथं कापड ताणलंय तिथून, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून निघतात. वारा दाखवायचा तर केप एकाच दिशेला उडवा, केस पण तिकडंच.

समोर येणारा ठोसा मात्र अवघड काम आहे. मूठ डोक्यापेक्षा मोठी काढायला हात धजत नाही, पण काढायचीच, मनगट तिच्या मागं झाकलं जाऊ द्या आणि कोपर जवळजवळ दिसूच नये. अमेरिकन कॉमिक्सवाल्या जॅक कर्बीनं काढलेले ठोसे बघा, कळेल.

इंक करायच्या, म्हणजे पेन्सिलीवर शाई फिरवायच्या आधी कागद पालथा करून खिडकीच्या काचेला लावा, वाकडा डोळा लगेच सापडतो की ओ. प्रकाश एकाच बाजूनं धरा आणि दुसऱ्या बाजूला बिनधास्त काळं भरा. एप्रिल-मेमध्ये हाताखाली कोरा कागद ठेवा, आपल्याकडच्या घामानं ताजी इंक पसरते, आणि पूर्ण वाळल्याशिवाय खोडरबर फिरवू नका.