स्नेहसंमेलन, वह्या आणि वजनकाटा: वर्गात रूपाला गुण कसे द्यायचे नाहीत

दिवाळीची सुटी संपली की नाशिकच्या शाळांत स्नेहसंमेलनाची लगबग सुरू होते. नाच कोण बसवणार, कालिदास कलामंदिराची तारीख मिळेल का, यावर बैठका झडतात. पाहुण्यांना गुच्छ कोण देणार हे मात्र बैठकीशिवायच ठरतं. उंच, गोरी, लांब केसांची मुलगी. परी तीच, भारतमाताही तीच. सावळा, अंगानं भरलेला मुलगा राक्षस होतो, नाहीतर चोर. यात कुणाचा दुष्टावा नसतो, म्हणून कुणी हटकतही नाही.

देवाच्या तसबिरीत डोक्यामागे प्रभावळ असते, तशी ती आपण देखण्या माणसामागे काढतो. एक गुण डोळ्यांत भरला की बाकीचे न तपासताच मान्य करतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले, तेव्हा शरीरयष्टी, बुद्धी आणि नेतृत्व यांचे गुण एकमेकांना संशय यावा इतके चिकटलेले निघाले. १९७३ मध्ये मार्गारेट क्लिफर्ड आणि इलेन वॉल्स्टर यांनी पाचवीच्या शिक्षकांना एकच प्रगतिपुस्तक वेगवेगळे फोटो लावून दिलं. देखणा चेहरा असलेलं मूल शिक्षकांना जास्त हुशार वाटलं.

‘मी असा भेद करणार नाही’ एवढं ठरवून हे थांबत नाही, कारण चेहऱ्याबद्दलचा पहिला ग्रह सेकंदाच्या दहाव्या भागात बांधला जातो. नजरेला बंदी घालता येत नाही. कामाचा क्रम मात्र बदलता येतो: आधी काम पाहायचं, मग माणूस. खालचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

वह्या आणि उत्तरपत्रिका

वही उघडण्याआधी नावाचं पान मागे दुमडून रबर लावा. एका मुलाची अख्खी उत्तरपत्रिका एका दमात तपासू नका. आधी चाळीसही जणांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. पहिलं उत्तर आवडलं की दुसऱ्याला हात सैल सुटतो, तो यानं आवरतो. दर प्रश्नानंतर गठ्ठ्याचा क्रम बदला, म्हणजे तुमच्या थकव्याचा फटका दरवेळी तळाच्या मुलांनाच बसणार नाही.

अडचण येते अक्षराची. दोन महिन्यांत अक्षरावरून मूल ओळखू येतं, शिवाय सुंदर अक्षराचीही प्रभावळ असतेच. म्हणून टापटिपीला वेगळे गुण ठेवा, समजा वीसातले दोन, आणि ते सर्वांत शेवटी द्या. काठावरची उत्तरपत्रिका शेजारच्या तुकडीच्या बाईंकडे किंवा सरांकडे द्या. डेव्हिड लँडी आणि हॅरॉल्ड सिगल यांनी १९७४ मध्ये कॉलेजच्या मुलांकडून निबंध तपासून घेतले, तेव्हा सोबत लावलेल्या लेखिकेच्या फोटोचा सर्वांत मोठा परिणाम कच्च्या निबंधावर दिसला. लिखाण कच्चं असलं की देखणेपणाला सूट मिळते. साधा चेहरा असलेल्याला ती मिळत नाही.

तोंडी परीक्षेत नाव झाकता येत नाही. तिथे निकष आधीच कागदावर लिहा आणि मूल समोर असतानाच प्रत्येक निकषाचे गुण मांडा. सगळ्यांचं झाल्यावर आठवून गुण भरले, तर आठवतात चेहरे.

वर्गात कुणाला विचारता

हजेरीपटाची एक झेरॉक्स टेबलावर ठेवा आणि ज्याला प्रश्न विचारला त्याच्यासमोर रेघ मारा. पंधरा दिवसांनी रेघा मोजा. काही नावांपुढे रेघांचं जंगल असेल, काहींपुढे एकही नसेल. उपाय साधा आहे: आइस्क्रीमच्या काड्यांवर हजेरी क्रमांक लिहून त्या डब्यात टाका, काडी निघेल त्याला विचारा. विचारून झालेली काडी दुसऱ्या डब्यात.

हे किरकोळ वाटेल, पण मूल तुमच्या वागण्यातूनच घडतं. मार्क स्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये पुरुषांना अनोळखी बायकांशी फोनवर बोलायला लावलं आणि आधी एक फोटो दाखवला. तो फोटो त्या बाईचा नव्हताच. समोरची सुंदर आहे असं समजून पुरुष बोलले, तेव्हा त्या बायकाही जास्त मोकळेपणानं बोलल्या. नंतर फक्त बायकांचा आवाज ऐकणाऱ्या लोकांनाही तो फरक जाणवला. मूल आधी गप्प होतं आणि म्हणून आपण विचारत नव्हतो, की आपण विचारत नव्हतो म्हणून ते गप्प झालं, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकानं स्वतःला विचारायला हवा.

निवड चाचणी

भूमिका वाटण्याआधी चार निकष ठरवा: उच्चार, पाठांतर, भाव, वेळेवर येणं. प्रत्येकी पाच गुण. निवेदक आणि गायक यांची चाचणी आवाजावर घ्या. मूल पडद्यामागे, हातात क्रमांकाची चिठ्ठी, प्रत्येकाला दोन मिनिटं. आपल्या वर्गाचे आवाज आपण ओळखतो, म्हणून परीक्षक दुसऱ्या सत्राचे बोलवा. दोघांनी गुण लिहून कागद उलटा ठेवल्याशिवाय एकमेकांशी बोलायचं नाही. नाहीतर ज्येष्ठांचं मत तेच दोघांचं होतं.

गुच्छ, औक्षण, दीपप्रज्वलनाचं तबक यांना कसलंच कौशल्य लागत नाही. ती कामं हजेरी क्रमांकानं द्या आणि यंदा कुठे थांबलात ते पुढच्या वर्षासाठी वहीत लिहून ठेवा.

रामाच्या भूमिकेसाठी गोरा मुलगा शोधणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. आपल्या पंचवटीतला राम काळ्या पाषाणाचा आहे, आणि त्याचं नावच काळाराम आहे.

भाड्याच्या पोशाखांनी दरवर्षी एक तरी मूल रडतं. पोशाख ठरावीक मापाचे येतात, आदल्या दिवशी हुक लागत नाही आणि मुलीला मागच्या ओळीत ढकललं जातं. किमान पंधरा दिवस आधी, वेगळ्या खोलीत, बाईंनी मुलींची आणि सरांनी मुलांची छाती, कंबर, उंची मोजावी. मापं मोठ्यानं सांगायची नाहीत. मागणी मापांनुसार करा आणि दोन मोठे पोशाख जादा मागवा. मेकअपवाल्याला आधीच बजावा: बेस जबड्याच्या कडेला लावून पाहायचा, कातडीत मिसळला तर तोच लावायचा. सगळ्यांना एकच फिकट बेस फासला की सावळी मुलं दिव्याखाली राखाडी दिसतात आणि मानेशी रेघ उमटते.

वजन करताना

आरोग्य तपासणीच्या दिवशी सगळ्यात वाईट चूक म्हणजे मॉनिटरकडून आकडे लिहून घेणं. मधल्या सुटीपर्यंत ते वर्गभर होतात. काटा खोलीच्या कोपऱ्यात ठेवा, मधे पडदा लावा, एका वेळी एकच मूल घ्या. आकडा न उच्चारता थेट तक्त्यात भरा. घरी बंद पाकीट जाऊ द्या.

मोठ्यांचे बीएमआयचे, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारे, आकडे मुलांना लावू नका. पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत, त्यांत वय आणि मुलगा-मुलगी पाहून अर्थ लावायचा असतो. मुली साधारण दोन वर्षं आधी वाढीला लागतात. सहावी-सातवीत त्या मुलांपेक्षा उंच, भरलेल्या दिसतात, तो आजार नाही. शंका असेल तर डॉक्टरांनी बोलावं, शिक्षकांनी आहाराचे सल्ले देऊ नयेत.

बोलताना

‘सावळी आहे पण नाकीडोळी नीटस.’ ‘जाड असली तरी चपळ आहे.’ मुलाला या वाक्यांतला ‘पण’ आणि ‘तरी’ ऐकू येतो, कौतुक नाही. दोन्ही शब्द गाळा: ‘ती चपळ आहे.’ वर्गात कुणी ‘ए जाड्या’ म्हणालं तर तिथल्या तिथे, आवाज न चढवता: ‘इथे नावानं हाक मारायची.’ एवढंच. ‘तो काही जाड नाहीये’ असं सांगू नका, त्यानं जाड असणं हा गुन्हा ठरतो. आणि स्टाफरूमच्या दारात ‘किती सुटलेय मी’ म्हणणं थांबवा. मुली ऐकत असतात.

भिंतीवर सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतचा आणि तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळचा फोटो लावा. खाली २०१० च्या आशियाई स्पर्धेतलं दहा हजार मीटरचं रौप्य आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधलं नौकानयन लिहा. शरीर काय करू शकतं, हे तिथे दिसतं.

लक्ष कुठे ठेवायचं

डबा सलग दोन आठवडे भरलेला परत जातो. एप्रिलच्या उन्हातही स्वेटर अंगावर असतो. बसल्यावर दप्तर पोटावर येतं. खेळाच्या तासाला रोज काही ना काही दुखतं. अशा मुलाशी एकट्याशी बोला, वजनाचा विषय न काढता: ‘हल्ली डबा तसाच नेतेस, काय होतंय?’ मग गप्प राहून ऐका. पालकांना पालकसभेत नाही, वेगळं बोलवा. चक्कर येणं, जेवणानंतर उलटी काढणं, पाळी थांबणं यांपैकी काही असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायला सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि दिवसरात्र सुरू असतो. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. दोन्ही क्रमांक सूचना फलकावर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लिहा.