विधानसभेत कायदा पास झाला, पण आपल्याला लागू कधी? इंदूरकरांनी हे असं तपासावं

भोपाळला विधानसभेत बिल पास झालं की संध्याकाळपर्यंत इंदूरच्या मराठी ग्रुप्सवर "नवा कायदा लागू" असे मेसेज फिरायला लागतात, मग लोकमान्यनगरातले एखादे काका किराएदाराला लगेच नोटीस द्यायची का विचारतात, कोणी ठरलेली रजिस्ट्री पुढे ढकलतं. कृपा करून असं करू नका. पास होणं आणि लागू होणं यात कधी थोडे दिवस जातात, कधी वर्षं, आणि कधी तो दिवस येतच नाही. दिल्लीचा 1995 चा भाडे कायदा बघा, संसदेने पास केला, राष्ट्रपतींची मंजुरीही मिळाली, पण सरकारने लागू व्हायची तारीखच जाहीर केली नाही, म्हणून तिथे अजून 1958 चाच कायदा चालतो.

आपल्याकडे विधानसभेनंतर बिल राज्यपालांकडे जातं. ते मंजुरी देतात, मंजुरी रोखून फेरविचाराला परत पाठवतात (धन विधेयक, म्हणजे कर-खर्चाचं बिल, सोडून) किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. घटनेच्या अनुच्छेद 200 मध्ये मंजुरीसाठी दिवसांची मुदत लिहिलेली नाही, त्यामुळे नुसत्या "पास झाला" बातमीवरून तारीख काढताच येत नाही.

मंजुरीनंतर राजपत्रात, म्हणजे सरकारच्या अधिकृत गॅझेटमध्ये, छापून यायला हवं आणि हे नुसतं सरकारी सोपस्कार नाही हो. 1951 मध्ये हरला विरुद्ध राजस्थान राज्य या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने जयपूर संस्थानाचा अफूचा कायदा याच कारणाने मानला नाही, लोकांपर्यंत तो कधी प्रसिद्धच केला नव्हता, मग त्याखाली शिक्षा कशी देणार? मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

आता खरं काम. 'मध्यप्रदेश राजपत्र (असाधारण)' ची पीडीएफ उघडा. कायद्याच्या नावाखाली कंसात एक ओळ असते: "दिनांक ... को राज्यपाल की अनुमति प्राप्त हुई. अनुमति मध्यप्रदेश राजपत्र (असाधारण) में दिनांक... को प्रथमबार प्रकाशित की गई". दोन्ही तारखा लिहून घ्या, दुसरी जास्त कामाची. मग धारा 1 मधलं 'प्रारंभ' वाचा, लोक नेमकं तेच वगळून पुढे जातात. तिथे "प्रकाशन की तारीख से" असेल तर विषय संपला. ठराविक तारीख असेल तर ती. काहीच लिहिलं नसेल तर राज्याचा साधारण खंड अधिनियम, 1957 (राज्याचे कायदे कसे वाचायचे ते सांगणारा कायदा) बघायचा, त्याप्रमाणे मंजुरी राजपत्रात पहिल्यांदा छापली तो दिवस धरतात. (केंद्राच्या कायद्यांना वेगळं आहे, तिथे राष्ट्रपतींच्या मंजुरीचा दिवस, तो नियम इथे लावू नका.)

पण "ऐसी तारीख से जो राज्य सरकार, अधिसूचना द्वारा, नियत करे" असं दिसलं तर थांबा, कायदा छापलाय पण सुरू झालेला नाही, तारखेची दुसरी अधिसूचना शोधायची. त्यातही सगळ्या धारा एकदम सुरू होतील असं नाही. रेरा (बिल्डर आणि घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा) केंद्राचा आहे पण उदाहरण चांगलं आहे, काही धारा 1 मे 2016 ला आल्या आणि बिल्डरने प्रोजेक्ट रजिस्टर करण्याची धारा, जी फ्लॅट घेणाऱ्याला खरी हवी होती, ती 1 मे 2017 ला.

त्या कायद्याखाली सरकारने केलेले नियम पण बघा, फॉर्म, फी, कोणता अधिकारी, हे बरेचदा तिथेच असतं. सरकारी कामं ठरलेल्या वेळेत व्हावीत यासाठीचा आपला लोक सेवा गारंटी कायदा 2010 चा, पण तो सरसकट सगळ्या कामांना लागत नाही, सरकारने जी सेवा अधिसूचित केली तिलाच वेळेची मुदत लागते, म्हणून तुमचं काम त्या यादीत आहे का ते आधी बघायचं.

अध्यादेश (विधानसभा भरलेली नसताना राज्यपालांनी काढलेला तात्पुरता कायदा) असेल तर विधानसभा पुन्हा भरल्यापासून 6 आठवड्यांत तो संपतो, त्याआधी त्याचा कायदा व्हायला हवा. आणि नव्या कायद्याने एखादी गोष्ट गुन्हा ठरली तरी आधी केलेल्या कामाची शिक्षा होत नाही, अनुच्छेद 20 चं तसं संरक्षण आहे, घाबरवणारे मेसेज आले की घरातल्या मोठ्यांना हे नक्की सांगा.

ऑफिसच्या खिडकीवर कोणी "नवा कायदा आलाय" म्हणून अर्ज परत केला तर वाद घालत बसू नका, अधिसूचनेचा नंबर आणि तारीख मागा, आणि परत करायचं कारण अर्जावरच लिहून घ्या.