‘राहून गेलं’ असं वहीत लिहू नका

मंडळ, बचत गट किंवा दुकानातली चार माणसं सांभाळत असाल, तर एक साधी वही ठेवा. बैठकीत स्वतः कबूल केलेलं काम तारखेसह लिहा आणि पुढची बैठक स्वतःच्या अपुऱ्या कामापासून सुरू करा. अट एकच: ‘राहून गेलं’, ‘झालं नाही’ असं लिहायचं नाही. ‘मी केलं नाही’ असंच लिहायचं. मराठीत कर्ता गाळून बोलणं फार सोपं आहे, आणि तिथेच जबाबदारी निसटते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आमच्या गल्लीच्या पिण्याच्या पाण्याची सोय माझ्याकडे होती. फोन करायला मी उशीर केला. म्हाताऱ्या माणसांना दुपारपर्यंत थांबावं लागलं. ‘टँकर आलाच नाही,’ असं मी सगळ्यांना सांगितलं. ते आजही टोचतं.

चुकलेल्या नोंदीखाली लगेच दुसरी ओळ लिहा: आता काय करणार, कधी. नुसत्या कबुलीनं मन खचतं. काम नेमकं ठेवा. ‘पुराची तयारी’ नको. ‘३१ मेपर्यंत दोन टँकरवाल्यांचे नंबर घेणे’ असं लिहा.