शेवटच्या वर्षाची वाट न पाहता: संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्पगट

संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात प्रकल्प करावाच लागतो, आणि त्याची चौकट सर्वांना ठाऊक आहे: तीन-चार जणांचा ग्रुप, एक गाईड, ठरलेले रिव्ह्यू, ब्लॅकबुक (प्रकल्पाचा बांधलेला अहवाल) आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर व्हायवा. मी इथे लिहितो आहे ते त्याहून वेगळ्या गटांविषयी. हे गट दुसऱ्या वर्षापासूनच सुरू होतात, त्यांना गुण नसतात, आणि आठवड्यातून एकदा सगळे लॅपटॉप उघडून एकाच टेबलाभोवती बसतात. पुण्यात शिकताना मी अशा एका गटात होतो, आणि नोकरी लागल्यावर सवड मिळेल तशी नव्या गटांना मदत करत आलो आहे.

नवे गट पहिल्या बैठकीत बहुधा तंत्रज्ञानावर वाद घालतात: पडदे बनवायला रिअ‍ॅक्ट की फ्लटर, डेटाबेससाठी मायएसक्यूएल की मोंगोडीबी. माझ्या मते हा प्रश्न महिनाभर बाजूला ठेवला तरी काही बिघडत नाही. आधी असा एक माणूस शोधावा, ज्याचे काम तुमच्या प्रोग्रॅममुळे खरोखर हलके होईल आणि जो बिघाड झाल्यावर तुम्हाला फोन करील. उपस्थिती नोंदवणारी आणि चॅटबॉट प्रकारची प्रोजेक्ट्स दरवर्षी ढिगाने होतात. ती वाईट असतात असे नाही, पण ती वापरणारे कोणी नसल्यामुळे ती चुकली आहेत हेसुद्धा कोणाला कळत नाही.

आमच्या गटाने एका जुन्या वाचनालयाच्या पुस्तकसूचीसाठी शोधसुविधा करायला घेतली. सूची एक्सेलमध्ये तयार होती, त्यामुळे काम सोपे वाटले. प्रत्यक्षात सूचीचा अर्धाअधिक भाग युनिकोडपूर्व काळातील (म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला ठराविक क्रमांक देणारी आजची पद्धत रुळण्याआधीच्या) मराठी फॉन्टमध्ये टंकलेला होता. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण फाईलमध्ये साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट बदलला की मजकुराचा अर्थच नाहीसा होतो. रूपांतरासाठी अक्षरांचा तक्ता बनवताना आमच्या लक्षात आले की या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवावी लागते. म्हणजे अक्षरामागून अक्षर बदलत गेले की भागते असे नव्हते, क्रमही फिरवावा लागत होता.

त्यानंतरची अडचण अधिक सूक्ष्म होती. ‘दऱ्या’ हा शब्द शोधला की काही पुस्तके सापडत आणि काही सापडत नसत, जरी पडद्यावर दोन्हीकडे अक्षर अगदी सारखेच दिसे. कारण असे की हा अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र युनिकोड अक्षर (क्रमांक ०९३१) आणि हलन्त, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण (वेगवेगळ्या प्रकारे साठवलेले एकच अक्षर एका रूपात आणण्याची पद्धत) या दोहोंना एक मानत नाही, म्हणून त्यासाठी आम्हांला स्वतःचा नियम लिहावा लागला. शिवाय १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीच्या पुस्तकांच्या नावांत ‘कांही’, ‘नांव’ असे अनुस्वार होतेच. ग्रंथपालांना हे सर्व तोंडपाठ होते, पण त्यांना विचारण्याची बुद्धी आम्हांला सूची हाती आल्यावरच झाली. पाठ्यपुस्तकातला स्ट्रिंग्जचा (मजकूर हाताळण्याचा) धडा कितीही वेळा वाचला असता, तरी ही माहिती तिथे मिळाली नसती.

कामाची वाटणी हा दुसरा कळीचा मुद्दा आहे. बहुतेक गटांत एकजण कोड लिहितो, दुसरा डेटाबेस सांभाळतो आणि उरलेले पीपीटी आणि अहवाल करतात. या ‘उरलेल्यां’मध्ये मुली किती असतात हे कोणत्याही वर्गात डोळे उघडे ठेवून पाहावे. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या देशपातळीवरील प्रोग्रॅमिंग स्पर्धेत सहाजणांच्या संघात किमान एक विद्यार्थिनी असणे आवश्यक असते, आणि त्यामुळे ऐन नोंदणीच्या वेळी एखाद्या मुलीचे नाव मागत फिरणारे संघही दिसतात. नाव यादीत असणे आणि हात कोडमध्ये असणे यांत फरक आहे. म्हणून थरांप्रमाणे (पडदा एकाकडे, डेटाबेस दुसऱ्याकडे अशी) वाटणी न करता प्रत्येकाने एक छोटी सुविधा पडद्यापासून डेटाबेसपर्यंत स्वतः पूर्ण करावी: एकाने लेखकानुसार शोध, दुसरीने पुस्तक परत केल्याची नोंद, तिसऱ्याने छापील यादी. वेग सुरुवातीला कमी राहतो, पण कोणी परीक्षेमुळे दोन आठवडे गैरहजर राहिले तरी काम अडत नाही.

कोड व्हॉट्सअ‍ॅपवर झिप करून पाठवू नये, एवढे सांगितले तरी पुरे. त्याऐवजी गिट वापरावे: कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा हा प्रोग्रॅम लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नेलच्या (लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या) विकासासाठी लिहिला. चौघांच्या गटाला त्यातील ब्रांच (कामाची वेगळी शाखा) व कमिट (नोंदवलेला बदल) आणि गिटहबसारख्या संकेतस्थळावरील पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य शाखेत घेण्याची विनंती) एवढेच बराच काळ पुरते. मात्र दुसऱ्याचा बदल वाचल्याशिवाय तो मुख्य शाखेत घेऊ नये. कोड एआयकडून लिहून घेतला असला तरी हाच नियम लागू करावा: ज्याने तो जोडला त्याने बैठकीत त्यातील प्रत्येक ओळ समजावून सांगावी, आणि सांगता येत नसेल तर ती ओळ काढून टाकावी.

गट स्थिरावला की मुक्त (ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा) प्रकल्पांकडे वळता येते, पण तिथे घाई करू नये. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या मुक्त प्रकल्पांना हातभार लावण्याच्या वार्षिक उपक्रमातील टी-शर्टसाठी जगभरातील अनेकांनी रीडमी (प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या) फाईलमध्ये एखादा शब्द वाढवून पुल रिक्वेस्टचा पूर आणला. प्रकल्पांचे सांभाळकर्ते इतके वैतागले की आयोजकांना नियम बदलून, ज्या प्रकल्पांनी स्वतः संमती दिली तेवढेच ग्राह्य धरावे लागले. गूगल समर ऑफ कोड हा मुक्त प्रकल्पांत नवोदितांना मानधनावर काम देणारा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे, आणि २०२२ पासून तो विद्यार्थ्यांपुरता मर्यादित राहिलेला नाही. तिथे प्रस्ताव लिहिण्याआधी ज्या संस्थेसोबत काम करायचे तिच्या प्रोग्रॅममधील एखाद्या बगवर (चुकीवर) महिनाभर काम केलेले असणे उपयोगाचे ठरते.

एक व्यावहारिक बाब गट सुरू करतानाच ठरवून टाकावी: सर्व्हर, डोमेन आणि कोडचे खाते कोणा एकाच्या खाजगी ईमेलवर न ठेवता गटाच्या सामाईक ईमेलवर ठेवावे, आणि प्रोग्रॅम नव्या लॅपटॉपवर कसा चालवायचा हे मराठीत लिहून ठेवावे. हे लिखाण पुरेसे आहे की नाही हे तपासण्यासाठी पहिल्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला फक्त तेवढाच कागद द्यावा, आणि तो कुठे अडखळतो हे शेजारी बसून, न बोलता पाहावे.